मोरिओरी लोकांवरील आळ

न्यूझीलंड देशाचा नकाशा पाहूं लागलें असतां त्याच्या कडेस पुष्कळदां एक लहानशी चौकट आढळते. चॅथम बेटें त्या देशाच्या पूर्वेस सुमारें 800 किलोमीटरांवर महासागरांत एकाकी पडलेलीं असल्यामुळें मूळ नकाशांत त्यांस जागा पुरत नाहीं. म्हणून तीं अशीं चौकटींत घालून दाखवावीं लागतात. त्यांतील मुख्य बेटाचें मूळचें नांव रेकोहू, व तेथील मूळचे रहिवासी ते मोरिओरी लोक. नकाशांत जी गत या बेटांची झाली तीच इतिहासांत या लोकांची झाली. फरक इतकाच कीं, नकाशाकारानें बेटें बाजूस सारिलीं तीं जागेच्या अडचणीमुळें, आणि ग्रंथकारांनीं हे लोक बाजूस सारिले ते स्वतःच्या सोयीसाठीं. आमच्या विद्यार्थिवाचकांस क्रमिक पुस्तकांतील अक्षर न् अक्षर प्रमाण मानण्याची संवय असते, म्हणून हा विषय त्यांच्यापुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मोरिओरी हे पॉलिनेशियन लोकांपैकींच. ज्या दर्यावर्दी लोकांनीं होकायंत्रावांचून, केवळ तारे, लाटा, वारे व पक्षी यांच्या अनुरोधानें, हवाईपासून ईस्टर बेटापर्यंत अफाट सागर वसविला, त्यांची एक शाखा तेराव्या शतकाच्या सुमारास न्यूझीलंडांत उतरली व पुढें माओरी या नांवानें प्रसिद्धीस आली. तेथूनच कांहीं मंडळी बहुधा 1500 च्या आगेंमागें रेकोहूस पोंचली. हें बेट थंड व वादळी. माओरींचें आवडतें रताळें तेथें पिकत नाहीं. मासे, सील, समुद्रपक्षी आणि कोपी नांवाच्या झाडाच्या बिया यांवर निर्वाह करावयाचा व सीलचें कातडें पांघरावयाचें. कोरून होडी करण्याजोगें मोठें झाड तेथें नाहीं. तेव्हां त्यांनीं वाळलेले देंठ बांधून व फुगीर समुद्रशेवाळाचा आधार देऊन अशी नाव तयार केली कीं, तिच्यांतून पाणी आरपार खेळे, पण ती बुडत नसे. या नावा पाहून हंसणारे युरोपियन प्रवासी होऊन गेले; परंतु याच नावांत बसून हे लोक खवळलेल्या समुद्रांतील सुळक्यांवर जाऊन पक्ष्यांचीं पिलें धरून आणीत, ही गोष्ट त्यांनीं ध्यानांत घ्यावयास हवी होती.

अशा ठिकाणीं वैराची परंपरा चालू राहिली तर थोड्याच पिढ्यांत बेट ओसाड व्हावयाचें. आरंभीं तशीं युद्धें झालींही. तेव्हां नुनुकू-व्हेनुआ नांवाच्या एका नायकानें मनुष्यवध कायमचा बंद केला, अशी त्यांची परंपरा सांगते. भांडण विकोपास गेलें तर दोघांनीं आंगठ्याएवढ्या जाडीची काठी घेऊन झुंजावें, आणि पहिला रक्ताचा थेंब दिसतांच थांबावें, असा त्याचा निर्बंध होता. तो शतकानुशतकें पाळला गेला. भांडखोरपणा माणसाच्या स्वभावांतच आहे, त्यास इलाज नाहीं, असें म्हणणारांनीं या एका उदाहरणाचा विचार करावा.

1791 सालीं ब्रॉटन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याचें 'चॅथम' जहाज तेथें आलें. किनाऱ्यावर झटापट होऊन तामाकारोरो नांवाचा एक मोरिओरी गोळीनें मेला. यावर त्या लोकांनीं सभा भरवून काय ठरविलें? दोष कांहीं अंशीं आपल्याच माणसांचा होता, यापुढें परकी माणूस आल्यास त्याचें शांततेनें स्वागत करावें! त्यानंतर सील मारणारे व देवमासे धरणारे खलाशी आले, त्यांच्याबरोबर परके रोगही आले, आणि पुष्कळ मोरिओरी त्यांत दगावले.

खरें संकट आलें तें 1835 च्या नोव्हेंबरांत. न्यूझीलंडांत बंदुकांचा सुळसुळाट होऊन माओरी टोळ्यांत भयंकर युद्धें माजलीं होतीं. त्यांत आपल्या मुलखास मुकलेल्या न्गाती मुतुंगा व न्गाती तामा या टोळ्यांचे सुमारें 900 लोक 'लॉर्ड रॉडनी' जहाजानें दोन खेपांत रेकोहूवर उतरले. पहिल्या खेपेचे लोक प्रवासानें आजारी होते. मोरिओरींनीं त्यांची शुश्रूषा केली. बरे होतांच हे पाहुणे मुलूख आपला म्हणून सर्वत्र हिंडूं लागले. तेव्हां ते अवापाटिकी येथें मोरिओरींची मोठी सभा भरली. तरुणांचें म्हणणें, नुनुकूचा निर्बंध आपसांतल्यासाठीं होता. या लोकांशीं लढलेंच पाहिजे, आपण संख्येनें जवळजवळ दुप्पट आहोंत. तापाता व तोरेआ या वृद्धांनीं उत्तर दिलें कीं, निर्बंध प्रसंगाप्रमाणें बदलावयाचा नसतो. अखेर वृद्धांचें मत मान्य झालें; जमीन व अन्न वांटून घेऊं, असें पाहुण्यांस सांगण्याचें ठरलें. तें सांगण्यापूर्वींच कत्तलीस सुरुवात झाली. दोन-तीनशें माणसें मारलीं गेलीं, कित्येकांचें मांस खाल्लें गेलें, उरलेले गुलाम झाले. त्यांस आपसांत लग्न करण्याची बंदी झाली, स्वतःची भाषा बोलण्याचीही बंदी झाली.

येथें आम्हीं आमचें मत न लपवितां सांगतों. त्या तरुणांचें म्हणणें आम्हांस मुळींच खोटें वाटत नाहीं. मुलाबाळांचें रक्षण करणें हाही धर्मच आहे, आणि त्या सभेंत आपण असतों तर काय बोललों असतों, याचा निश्चय आमच्यानें होत नाहीं. परंतु वृद्धांचा निर्णय चुकला असें मानलें, तरी त्यास भ्याडपणा म्हणतां येणार नाहीं. भित्रा मनुष्य पळून जातो किंवा लाचारी पत्करतो. येथें तर निर्णय मोडण्याची मुभा सर्वांस असतां, आणि समोर बंदुका दिसत असतां, तो पाळला गेला. पण पुढील ग्रंथकारांनीं नेमका भ्याडपणाचाच शिक्का मारला.

इंग्रज सरकारचें वर्तन तरी काय होतें? 1842 सालीं हीं बेटें इंग्रजी राज्यांत आलीं. गुलामांच्या मुक्ततेची घोषणा मात्र 1863 पर्यंत लांबली. 1862 सालीं मोरिओरी वडीलधाऱ्यांनीं गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे यांजकडे अर्ज केला व सोबत याद्या जोडल्या. 1835 सालीं 1,663 माणसें हयात होतीं. 1862 सालीं राहिलीं 101. मारल्या गेलेल्यांच्या नांवांपुढें फुल्या होत्या. बाकीचे बहुतेक रोगानें व निराशेनें मेले. इतकें होऊनही 1870 सालीं जमीन-न्यायालयानें जिंकणाराचा हक्क मान्य करून शेंकडा 97 हून अधिक जमीन न्गाती मुतुंगांस दिली.

आतां विद्वानांची कामगिरी पाहा. पर्सी स्मिथ, एल्सडन बेस्ट प्रभृतींनीं असें प्रतिपादिलें कीं, मोरिओरी हे माओरींपूर्वीं न्यूझीलंडांत राहणारे निराळ्या व हीन वंशाचे, आळशी लोक असून माओरींनीं त्यांस हुसकून लाविलें. हें मत 1916 सालीं तेथील शाळांत वांटल्या जाणाऱ्या मासिकांत छापलें गेलें. स्किनर यांनीं 1923 सालीं मोरिओरी हे पॉलिनेशियनच व माओरींचे आप्त असल्याचें सप्रमाण दाखविलें, तरी शाळांतून तीच कथा पुढें कित्येक वर्षें चालू होती. कां? 'माओरींनीं दुसऱ्यांस हुसकलें, आम्हीं माओरींस हुसकलें, बिघडलें कोठें?' असें म्हणावयास गोऱ्या वसाहतवाल्यांस ती सोयीची होती, हें उघड आहे.

अशा कल्पनांचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो, तोही सांगण्याजोगा आहे. स्मिथ यांनीं पॉलिनेशियन लोकांचें मूळ हिंदुस्थानांत शोधलें, आणि ट्रेगियर यांनीं 1885 सालीं 'आर्यन माओरी' नांवाचें पुस्तक लिहून, ज्यांनीं गाय कधीं पाहिली नव्हती अशा माओरींच्या भाषेंत गाईच्या संस्कृत नांवाचे अवशेष काढून दाखविले! हें ऐकून आपल्यांतील कोणास गुदगुल्या झाल्यास आश्चर्य नाहीं. परंतु भाषेच्या व उत्खननाच्या पुराव्यावरून या लोकांचे पूर्वज तैवानकडून बेटाबेटांवरून पुढें गेले, असें आतां ठरलें आहे. खोटा मोठेपणा आणि खोटा हीनपणा हीं दोन्हीं एकाच टांकसाळेंत पाडलीं जात होतीं.

1933 सालीं टॉमी सॉलोमन वारले, तेव्हां 'शेवटचा मोरिओरी गेला' असें जगानें जाहीर केलें. शुद्ध रक्ताचे ते शेवटचे मानले जात; परंतु त्यांस मुलें होतीं, व इतरही मोरिओरी कुळें नांदत होतीं. 1986 सालीं त्यांचा पुतळा बेटावर उभारला गेला, 1989 सालीं मायकेल किंग यांनीं या लोकांचा सविस्तर इतिहास प्रसिद्ध केला, आणि 2021 सालीं न्यूझीलंडच्या पार्लमेंटनें कायदा करून 1 कोटी 80 लक्ष डॉलर भरपाई व क्षमायाचना दिली. हीन व नामशेष ठरविल्याबद्दलचा सरकारचा वांटा त्या क्षमायाचनेंत कबूल केलेला आहे. पैशांपेक्षां त्या चार ओळींची किंमत आम्हांस अधिक वाटते.

रेकोहूवर 2005 सालीं मोरिओरींनीं आपलें सभागृह बांधून खुलें केलें. त्याच्या मध्यभागीं एक खांब आहे, व 1862 च्या त्या याद्यांत ज्या पूर्वजांचीं नांवें होतीं तीं त्यावर कोरलेलीं आहेत.