खवा, भाची आणि निर्देशांक

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मुलुंडहून भाची आली ती थेट आमच्या घाटकोपरच्या स्वयंपाकघरातच शिरली. करंज्यांसाठी आणलेला खवा ओट्यावर होता. तिने त्यातला सुपारीएवढा गोळा पाण्यात उकळला, गार होऊ दिला आणि पर्समधल्या चिमुकल्या बाटलीतून आयोडीनचे दोन थेंब त्यात टाकले. पाणी निळे झाले.

"मावशी, यात पिठूळ काहीतरी घातलंय. तुझ्या करंज्या बाहेरूनही पिठाच्या आणि आतूनही पिठाच्या!"

भाची रसायनशास्त्राची डॉक्टर आहे. दुधातली भेसळ झटपट ओळखता यावी म्हणून सोप्या रीती शोधण्यात तिची नऊ वर्षे गेली. पण त्या दिवशी तिचा चेहरा काही दिवाळीचा नव्हता. ती एका संस्थेत मुलाखत देऊन आली होती. कामाविषयी कोणी फारसे बोलले नाही. विचारले ते एवढेच, की तुमचा एच-निर्देशांक किती? हिचा सहा. आधीच्या उमेदवाराचा एकवीस.

मला वाटले, हे कोलेस्टेरॉलसारखे काही असावे. कमी असेल तितके बरे! मग तिने मला विद्यार्थिनीसारखे बसवून समजावले. तुमच्या निबंधांपैकी सहा निबंध असे, की ज्या प्रत्येकाचा इतरांनी आपल्या निबंधात निदान सहा वेळा हवाला दिला आहे, तर तुमचा निर्देशांक सहा. जॉर्ज हिर्श नावाच्या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली ही युक्ती मांडली. हवाल्यांची मोजदाद मात्र त्याआधीची. युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली विज्ञानातल्या हवाल्यांची भली थोरली सूची काढली, तेव्हापासून कोणी कोणाला मानले ते मोजता येऊ लागले.

"म्हणजे लग्नातल्या आहेराची वही!" मी म्हणाले.

"अगदी तस्सं. आणि काही मंडळी एकमेकांना ठरवून आहेर करतात. काही तर स्वतःच्याच लग्नात स्वतःला!"

मला हसू आले, तिला आले नाही. लाउरी आणि सहकाऱ्यांचा प्रथिने मोजण्याच्या रीतीवरचा १९५१ सालचा एक निबंध आहे, त्याचा हवाला तीन लाखांहून अधिक वेळा दिला गेला आहे, असे ती म्हणाली. कारण ती रीत वापरणारेही निबंध लिहिणारेच. हिची रीत वापरणार डेअरीतला तपासनीस, नाहीतर माझ्यासारखी गृहिणी. आम्ही कुठे निबंध लिहितो?

"मग हे आकडे जाळून टाका," मी तावातावाने म्हटले.

"नको गं. निर्देशांक नव्हता तेव्हा वशिला होता."

यावर मला उत्तर सुचले नाही.

रात्री भांडी आवरताना कमलाबाई सोहोनी आठवल्या. वर्गात मी दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' किती वर्षे शिकवले. पण त्यांची धाकटी बहीण केवढी शास्त्रज्ञ होती, हे मला चाळिशीत कळले. कबूल करायला लाज वाटते. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत 'मुलगी' म्हणून रामन यांनी कमलाबाईंना आधी नाकारले, मग अटी घालून घेतले. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे प्रथिन असते, हे त्यांनी केंब्रिजमध्ये दाखवले आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा!

पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी हाती काय घेतले? डाळी आणि नीरा. आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरेने काय लाभ होतो, ते त्यांनी तपासले. पलीकडे गोरेगावला आरेची दूध योजना होती. तिथल्या दुधाचा दर्जा सुधारावा म्हणून सल्लाही दिला. आमच्या आईने आरेच्या बाटलीतले दूध आम्हांला पाजले, तेव्हा तिने कुणाचा हवाला दिला होता?

सकाळी मी हे सगळे भाचीला ऐकवले. तिने चहात बिस्किट बुडवून शांतपणे ऐकले.

"मावशी, कमलाबाईंना संचालक व्हायला चार वर्षं थांबावं लागलं, हे वाचलंस ना? मला घराचा हप्ता आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "एकवीसवाला माणूस वाईट नव्हता गं. मी त्याच्या जागी असते तर मलाच घेतलं असतं त्यांनी."

निकाल अजून लागलेला नाही. विषय बदलावा का, बॅटऱ्यांकडे वळावे का, याचा ती विचार करते आहे. तिकडे हवाले भराभर पडतात म्हणे. मी म्हटले, निदान दिवाळी अंकातल्या माझ्या सदरात तरी तुझ्या कामाचा उल्लेख करते.

"तो धरत नाहीत," ती म्हणाली, आणि उरलेला खवा पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "आधी हा परत करून ये. आणि बाटली घेऊन जा बरोबर, दुकानदार ऐकायचा नाही."

मी बाटली घेतली आणि चपला घातल्या.