‘गुड ॲट’च्या पुढे काय लिहायचं?



सहावीच्या इंग्रजीच्या तासाला मी फळ्यावर अर्धंच वाक्य लिहिलं होतं : ‘आय ॲम गुड ॲट...’ आणि पुढे रेघ. प्रत्येकाने उभं राहून रिकामी जागा भरायची. ड्रॉइंग झालं, डान्सिंग झालं, क्रिकेट तर आठ-दहा वेळा झालं. शेवटच्या बाकावरचा मुलगा उठला आणि म्हणाला, "नथिंग, सर." वर्ग हसला. तोही हसला. मला मात्र हसू आलं नाही. त्याच्या प्रगतिपत्रकात सलग दोन सत्रं ‘अभ्यासात मागे’ अशी नोंद मीच केली होती. त्याने माझंच मत मला इंग्रजीत ऐकवलं होतं.

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "सर, मग झेंड्याची गाठ कोण बांधतं?"

खरंच की! 26 जानेवारीला आत फुलं घालून झेंडा बांधायचा, तोही असा की आधी सुटू नये आणि दोरीला हिसका दिला की लगेच उलगडावा. आमच्या शाळेत हे त्याच्याइतकं नीट कुणालाच जमत नाही. मी वाक्य पूर्ण केलं : ‘आय ॲम गुड ॲट टाइंग नॉट्स.’ त्या तासाला त्याने वही बंद केलीच नाही.

आता थोडं व्याकरण. आपली मुलं ‘गुड इन’ का म्हणतात? कारण मराठीत आपण ‘गणितात हुशार’, ‘पोहण्यात पटाईत’ असं म्हणतो. त्या ‘-त’चं मुलं सरळ ‘इन’ करतात. कौशल्य सांगताना इंग्रजीत ‘ॲट’ येतो. त्याच्यापुढे नाम येतं, जसं ‘गुड ॲट चेस’. किंवा क्रियापदाचं आयएनजी रूप येतं, जसं ‘गुड ॲट कुकिंग’. ‘गुड ॲट टू कुक’ होत नाही. नियम एवढाच आहे, चार उदाहरणांत मुलांना समजतो.

पण मला हा वाक्प्रचार आवडतो तो दुसऱ्याच कारणासाठी. तो अर्धवट सोडता येत नाही. ‘कशात?’ याचं उत्तर द्यावंच लागतं. आपण घरी आणि वर्गात जे शब्द वापरतो त्यांना ही अट नाही. ‘हुशार’ म्हटलं की संपलं, ‘ढ’ म्हटलं की तेही संपलं. हल्ली त्यात ‘स्मार्ट’ची भर पडली आहे. अख्खं मूल एका शब्दात बसवून आपण मोकळे होतो.

‘ढ’ने नुकसान होतं हे सगळे मानतात. ‘हुशार’नेही होतं का? अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरॉल ड्वेक यांनी 1998 साली पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असं. नंतर अवघड कोडी देऊन अपयश येऊ दिलं, तेव्हा ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांची चिकाटी आणि गोडी जास्त घटली.

काही शिक्षक म्हणतील, उगाच कौतुक करून काय होणार? अगदी बरोबर. म्हणूनच रिकाम्या जागेत खोटं काही लिहायचं नाही. आपण डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं. आणि गाठ छान बांधतो म्हणून त्याला भागाकार शिकवायचा नाही, असंही नाही. तिथे इंग्रजीतला आणखी एक छोटा शब्द कामाला येतो : ‘आय ॲम नॉट गुड ॲट डिव्हिजन येट.’ येट म्हणजे अजून. ‘मला येत नाही’ आणि ‘मला अजून येत नाही’ यांत किती फरक आहे, बघा!

आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं आणि 2010 पासून आपण वर्णनात्मक नोंदी लिहितो. या दोन्हींची इथे सांगड घालता येईल. शिक्षक मित्रांनो, यंदा नोंदी लिहिताना ‘चांगला’, ‘हुशार’, ‘मागे’ हे शब्द बाजूला ठेवून पाहा. त्यापेक्षा ‘लहान मुलांना खेळ समजावून सांगण्यात तरबेज’ असं लिहा. पालकांनो, आज रात्री जेवताना मुलांना विचारा, ‘तू कशात गुड ॲट आहेस?’ उत्तर आलं नाही, तर लगेच ‘अभ्यास कर’ म्हणू नका. तुम्ही स्वतः एक उत्तर तयार ठेवा. आपल्या मराठीत त्यासाठी शब्द कमी नाहीत : गती आहे, हातखंडा आहे, हाताला चव आहे.

तो मुलगा अजून भागाकारात चुकतो. पण परवा स्वतःहून वही घेऊन आला आणि म्हणाला, "सर, नॉट गुड येट. परत सांगा ना."

तुमच्या वर्गात ‘नथिंग’ म्हणणारं मूल कोण आहे? त्याच्यापुढची रेघ भरायला तुमच्याकडे काय आहे?