कडी लावून अर्धा तास



घराचं काम काढायचं ठरलं की पैशांची वाटणी साधारण ठरलेली असते. पाहुणे बसतात तो दिवाणखाना पहिला, मग स्वयंपाकघराचा ओटा, मग झोपायच्या खोलीतलं कपाट. उरलेसुरले पैसे न्हाणीघराच्या वाट्याला येतात. "तिथे काय, दहा मिनिटांचं तर काम!" असं घरातली मंडळी म्हणतात. त्यांचं असेलही दहा मिनिटांचं. पण आत जाऊन कडी लावली तरी "का गं, काय झालं?" असं कुणी विचारत नाही, अशी जागा बाईमाणसाला घरात तेवढी एकच असते! आणि बहुतेक घरांत सगळ्यांचे डबे भरून, सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर, ओल्याकच्च फरशीवर, धुण्याची बादली ओलांडून जी शेवटची आंघोळ होते, ती गृहिणीची. तेव्हा न्हाणीघर नव्याने करायचंच असेल, तर ते तिच्या विसाव्यासाठीही करावं, एवढंच आजचं सांगणं.

हल्ली चित्रांतली बाथरूम पाहून "आपलंही अगदी हॉटेलसारखं हवं" असं वाटतं. वाटू द्या की! हौसेला मोल नाही. पण त्या चित्रातलं नेमकं काय आपल्याला भुरळ घालतं, ते पाहा. फरशी कोरडी, वास नाही, कोंदटपणा नाही, उजेड प्रसन्न आणि पाणी हवं तेव्हा ऊन. खरी चैन ती हीच. यातलं निम्मंअधिक काम फरशीखाली आणि भिंतीच्या आत असतं. एकदा टाइल बसली की ते बदलता येत नाही. म्हणून पैसे आधी न दिसणाऱ्या कामावर, मग दिसणाऱ्यावर.

मोहेंजोदडोचं ते प्रसिद्ध स्नानगृह आठवा. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. तिथल्या कारागिरांनी विटा अगदी घट्ट बसवल्या आणि पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा जाड थर दिला होता. वरच्या शोभेआधी खालचा थर, ही अक्कल आपल्याकडे फार जुनी आहे बरं!

आधी फरशीखालचं

सहकारी सोसायटीत राहत असाल तर काम काढण्यापूर्वी लेखी अर्ज द्या आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींना स्वतः जाऊन सांगा. पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. संडास किंवा मोरी हलवून खालच्यांच्या स्वयंपाकघरावर किंवा झोपायच्या खोलीवर आणायचा मोह कटाक्षाने टाळा. गळती आपल्या न्हाणीघरातून होत असेल, तर दुरुस्ती साधारणपणे आपल्याच गळ्यात पडते.

जुनी फरशी निघालीच आहे, तर गंजलेले लोखंडी पाइपही त्याच वेळी बदलून घ्या. नंतर नवी टाइल फोडताना जीव हळहळतो. वॉटरप्रूफिंग फरशीपुरतं न थांबवता भिंतीवर निदान फूटभर वर चढवायला सांगा, आणि जिथे अंगावर पाणी घेतो तिथे डोक्याच्या उंचीपर्यंत. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यांत आणि पाइपांच्या भोवती विशेष लक्ष हवं; पाणी चोरवाट शोधतं ती तिथेच.

हे झालं की टाइल बसवण्याआधी पाण्याची परीक्षा घ्या. मोरीचं तोंड बंद करून तीन-चार इंच पाणी भरायचं, पातळीशी पेन्सिलीने खूण करायची आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. खालच्या घराच्या छताला ओल आली नाही आणि खुणेपासून पाणी फारसं उतरलं नाही, तर काम पास! गवंडी म्हणेल, "बाई, वीस वर्षं करतोय, काही होत नाही." आपण हसून म्हणावं, "मग भरून दाखवाच."

ढाळ हा दुसरा महत्त्वाचा भाग. दर मीटरला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे सहा फुटांच्या न्हाणीघरात पाऊण ते एक इंच उतार मोरीच्या दिशेने हवा. कमी झाला तर पाणी साचून शेवाळ धरतं, फार झाला तर उभं राहताना पाय ताणतात. फरशीवाला समोर असतानाच मोरीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओता. ते रेंगाळलं तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या.

मोरीच्या तोंडाखाली जो पाण्याचा सापळा बसवतात, त्याला प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. पाहा, शब्द आपल्या न्हाणीचाच! त्यात सुमारे दोन इंच पाणी कायम उभं राहतं आणि ते गटाराचा वास व झुरळं अडवतं. मे महिन्यात गावाला जाऊन आलं की न्हाणीघराला वास मारतो, तो बहुधा हे पाणी सुकल्यामुळे. दोन तांबे पाणी ओतलं की काम झालं; त्यासाठी उंची सुगंधी फवारे नकोत.

याला पुसणार कोण?

नव्या वस्तूंची निवड करताना प्रत्येकीपुढे हा एक प्रश्न ठेवा. दुकानात लखलखणारं काचेचं पार्टिशन क्षाराच्या पाण्याने चार दिवसांत पांढरट होतं. रोज पुसणारं कुणी असेल तर जरूर घ्या, पण कडक केलेली सुरक्षा-काचच मागा. साधी काच फुटली की सुऱ्यांसारखे तुकडे होतात. नाहीतर एक छानसा पडदाही पुरतो. मूळ हेतू ओलं आणि कोरडं वेगळं ठेवण्याचा. चार बाय सातच्या न्हाणीघरातही हे जमतं. दाराजवळ बेसिन, मध्ये कमोड आणि खिडकीखाली शेवटी आंघोळीची जागा, असा क्रम ठेवला की बेसिनशी जाणाऱ्याचे पाय भिजत नाहीत.

भिंतीला मोठ्या टाइल्स घ्या; सांधे कमी, घासायचं कमी. जमिनीला मात्र उलट. तिथे लहान टाइल्स बऱ्या, कारण सांधे जास्त म्हणजे पायाला पकड जास्त. त्या सांध्यांत पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी भरलं तर खर्च वाढतो, पण काळपटपणा लवकर धरत नाही. जमिनीसाठी गुळगुळीत चकचकीत टाइल तर मुळीच नको. दुकानात नमुन्याच्या टाइलवर पाणी आणि थोडा साबण टाकून चप्पल काढून पाय घासून पाहा. दुकानदार हसला तर हसू दे! शहाबादी किंवा न घोटलेला कोटाही छान दिसतो आणि पायाला सुखद लागतो. मात्र हे चुनखडीचे दगड. संगमरवरही त्याच जातीचा. त्यांच्यावर अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं द्रावण पडलं की दगड खाल्ला जातो, झिलई कायमची जाते.

घरात सासूबाई-मामंजी असोत वा नसोत, भिंतीत आधाराची दांडी बसवून घ्याच. बाळंतपणाच्या दिवसांत, तापातून उठल्यावर, गुडघा दुखताना ती आपल्यालाही लागते. टॉवेलच्या दांडीवर भरवसा नको, ती माणसाचं वजन पेलत नाही. आधाराची दांडी भरीव भिंतीत, जमिनीपासून पावणेतीन ते तीन फुटांवर हवी आणि तिची जागा टाइल लावण्याआधीच ठरलेली हवी. जमत असेल तर दारही बाहेर उघडणारं करा आणि कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवा. आत कुणी पडलं, तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं.

ऊन पाणी, पण निर्धास्त

आता सर्वांत जिवाची गोष्ट. न्हाणीघराच्या आत गॅसचा गीझर असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो बाहेर काढा.

बंद खोलीत गॅस जळताना हवा कमी पडू लागली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून गळती कळते. या वायूला मात्र ना वास, ना रंग. डोकं जड होतं, गळून गेल्यासारखं वाटतं आणि "जरा बसते" म्हणेपर्यंत शुद्ध हरपते. दाराला तर कडी! थंडीच्या दिवसांत अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो, त्या याच कारणाने. आपण इथे अर्ध्या तासाच्या निवांत आंघोळीच्या गोष्टी करतो आहोत. बंद दारामागचा तो अर्धा तासच अशा न्हाणीघरात घातक ठरतो. तेव्हा गॅसचा गीझर मोकळ्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. "खिडकी उघडी ठेवते ना मी" यावर विसंबू नका. थंडीत तीच खिडकी आपण पहिली लावतो. आंघोळ करताना कधी गरगरलं, तर ताबडतोब दार उघडून बाहेर मोकळ्या हवेत या.

विजेचा गीझर असेल तर अर्थिंग तपासून घ्या आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवा. बटण बाहेर, कोरड्या हाताला येईल असं. दोन किलोवॅटच्या गीझरमध्ये १५ लिटर पाणी तापायला साधारण वीस मिनिटं आणि अर्ध्या युनिटहून थोडी अधिक वीज लागते. म्हणून तासन्‌तास तो चालू ठेवण्याचं कारण नाही.

शॉवर की बादली?

छताला ताटाएवढा शॉवर बसवण्यापूर्वी टाकी किती उंच आहे ते पाहा. दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब साधारण एक बार वाढतो. आपण सर्वांत वरच्या मजल्यावर असाल आणि टाकी जेमतेम दहा फूट वर असेल, तर दाब त्याच्या एक-तृतीयांशही नाही. त्या ताटातून पावसाऐवजी पागोळ्या गळतील! अशा घरात पंपाशिवाय मोठा शॉवर नकोच. लहान हातशॉवर बरा.

पाण्याचाही हिशेब करा. बादलीभर आंघोळीला वीसेक लिटर पाणी पुरतं. साधा शॉवर मिनिटाला दहाएक लिटर सोडतो, म्हणजे दहा मिनिटांत पाच बादल्या. टबाला दीडशे लिटर तरी हवं, आणि त्याचं दीडशे किलो वजन स्लॅबवर येतं ते वेगळंच. जिथे नळाला पाणी दिवसाआड येतं, तिथे टबात पाण्यापेक्षा धुणंच जास्त साठतं. बादली, लोटा आणि जोडीला हातशॉवर, ही व्यवस्था आपल्याकडे सर्वांत सोयीची.

आता थोडी चैन

वारा आणि उजेड ही पहिली चैन. वर एक्झॉस्ट फॅन आणि दाराखाली हवा आत यायला बोटभर फट. आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं पंखा चालू ठेवला की बुरशी धरत नाही. दिवे दोन करा, बटणं वेगळी: आरशापाशी स्वच्छ पांढरा आणि दुसरा मंद पिवळसर, निवांत वेळेसाठी.

टाइल लावतानाच भिंतीत एक कोनाडा काढून घ्या. तेलाची वाटी, शिकेकाई, उटणं, वज्री, सगळं हाताशी. बसायला पाट किंवा पाय न घसरणारं बैठं स्टूल ठेवा. माळ्यावर आजीच्या वेळचं घंगाळ पडलं असेल तर खाली काढा, चिंचेने घासा आणि त्यात पाणी विसणा. कोपऱ्यात वाळ्याची जुडी टांगा. ओल लागली की मंद दरवळते. अभ्यंगस्नान दिवाळीलाच करावं असा काही नियम नाही. महिन्यातून एका रविवारी तेल लावून, उटणं चोळून न्हायलं तर कुठलं हॉटेल याची बरोबरी करील?

आणि धुण्याची बादली, खराटा, पुसायची फडकी यांना गॅलरीत जागा करून द्या. न धुतलेले कपडे समोर डोळे वटारून बसले असतील, तर मन कसं रमणार?

तोडफोड करायची ऐपत नसेल तर

न्हाणीघर न फोडताही पुष्कळ काही करता येतं. त्याचा क्रम असा:

१. गॅसचा गीझर बाहेर हलवणं आणि विजेचं अर्थिंग तपासणं. हे पहिलं, आणि आजच.
२. आधाराची दांडी आणि न घसरणारी रबरी चटई.
३. एक्झॉस्ट फॅन.
४. काळे पडलेले सांधे खरवडून नव्याने भरणं.
५. शॉवरची जाळी तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासणं. क्षार सुटतात, धार मोकळी होते.
६. पिवळा दिवा, दोन जादा खुंट्या आणि खिडकीत मनीप्लांटची बाटली.

हे सगळं झाल्यावर घरात एक नवी पद्धत पाडा. रविवारची आंघोळ ज्याची त्याने उरकायची आणि मागची फरशी ज्याची त्याने कोरडी करायची. नव्या न्हाणीघरातली पहिली आंघोळ मात्र गृहिणीची. दार वाजलंच, तर आतून खुशाल सांगा, "अर्ध्या तासाने!"