फुकट उन्हाचा हिशेब

ऊन फुकट, पाणी फुकट, म्हणून हायड्रोजनही फुकट! एका रविवार पुरवणीत हे नवे त्रैराशिक वाचले आणि हातातला चहा गार झाला. लेखकमहाशयांचे म्हणणे थोडक्यात असे: पाण्यात उत्प्रेरकाची पूड घालायची, भांडे उन्हात ठेवायचे, हायड्रोजनचे बुडबुडे धरायचे, झाले काम. जपानने हे करून दाखवलेच आहे. आपल्याकडे ऊन त्यांच्याहून जास्त. तेव्हा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने अशी पूड थापलेली काचेची तावदाने बांधावर मांडली की गॅसची टाकी आणि डिझेलचा डबा दोन्ही हद्दपार. (पूड हा शब्द माझा, त्यांनी ‘चमत्कारी चूर्ण’ म्हटले आहे.)

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. उत्प्रेरक ऊर्जा देत नाही, वाट सोपी करतो; ऊर्जा उन्हाचीच. आणि पाणी कुठून आणणार, असे विचारून महाशयांना गप्प करू पाहणारेही चुकले. एक किलो हायड्रोजनसाठी नऊ किलो पाणी मोडावे लागते. तेवढे तर आपण अंगणात सडा घालताना शिंपडतो.

माझे भांडण ‘फुकट’ या शब्दाशी आहे.

जपानने करून दाखवले म्हणजे नेमके काय केले? 1972 साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन होते असे दाखवले. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तेच हे द्रव्य. शोध मोठाच. पण हा गडी फक्त अतिनील किरण खातो, आणि उन्हातल्या ऊर्जेत अतिनील भाग रुपयाला चार-पाच पैसे. बाकीचे ताट तसेच टाकून तो उठतो. पुढे 2021 साली डोमेन या जपानी संशोधकाच्या गटाने 100 चौरस मीटर तावदाने उघड्यावर मांडून महिनोन्‌महिने चालवली. द्रव्य या वेळी स्ट्रॉन्शियम टायटनेट, पण खोड तीच, अतिनीलच पाहिजे. उन्हातली जास्तीत जास्त किती ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली? 0.76 टक्के. टक्कासुद्धा नाही. महाशयांनी लेखात 100 चौरस मीटर छापले, 0.76 छापायला बहुधा जागा उरली नसावी.

100 चौरस मीटर म्हणजे आपला एक गुंठा. ज्याच्यापायी सख्खे भाऊ कोर्टात जातात, तोच. चांगल्या दिवशी त्यावर साधारण 500 युनिट ऊन पडते असे धरू, आणि तो सर्वोत्तम आकडा दिवसभर टिकला अशीही सवलत देऊ. पदरात पडतात पावणेचार युनिट, म्हणजे सुमारे 115 ग्रॅम हायड्रोजन. घरच्या 14.2 किलोच्या टाकीत 180 युनिटांच्या आसपास ऊर्जा असते. गुंठाभर जमीन अडवून एक टाकी भरायला दीड महिना! त्याच गुंठ्यावर बाजारात मिळणारी 20 टक्क्यांची सौर पॅनेले टाकली तर 100 युनिट वीज होते, आणि तिने पाणी फोडले तर पावणेदोन-दोन किलो हायड्रोजन मिळतो. शिवाय काच, चौकट, नळ्या, टाकी, धूळ पुसणारा माणूस, हे सगळे कोणत्या फुकट झाडावर लागते? विहिरीचे पाणीही फुकटच असते. रहाट, सोल आणि पोहरा ज्याने विकत घेतला त्याला विचारा.

हा वाद मला नवा नाही. 1996 साली वनौषधींपासून पेट्रोल बनवल्याचा गाजावाजा तमिळनाडूतून झाला, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये मी वस्तुमान कुठून आले एवढेच विचारले होते. एका सहकाऱ्याने मला ‘स्वदेशीचा वैरी’ ठरवले. पुढे काटेकोर चाचणीत ते पेट्रोल उघडे पडले. सहकारी मात्र निवृत्त होईपर्यंत माझ्याशी नीट बोलले नाहीत. पाण्यावर चालणाऱ्या मोटारीच्या वेळीही तेच. जळून गेलेल्या हायड्रोजनची राख म्हणजे पाणी, ती पुन्हा पेटवायला ऊर्जा घालावी लागते, हे सांगणारा दरवेळी नतद्रष्ट ठरतो.

आणखी एक. या तावदानांतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र बाहेर येतात. असले मिश्रण ठिणगीची वाटच पाहत असते. जपानी मंडळींनी पडद्याने ते वेगळे केले, फटी अगदी अरुंद ठेवल्या. बांधावर हे कोण सांभाळणार?

मग हे संशोधन गुंडाळून ठेवावे का? मुळीच नाही. डोमेन यांच्याच गटाने 2020 साली अतिनील प्रकाशाच्या एका पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक शोषलेला फोटॉन कामाला लावला. म्हणजे गळती अटळ नाही. अडले आहे ते दृश्य प्रकाश पचवणारे आणि पाण्यात टिकणारे द्रव्य मिळण्यावर. ते मिळाले तर तारा नकोत, इन्व्हर्टर नको, पूड थापलेली काच पुरे. आज थळच्या खत कारखान्यात युरियासाठी लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढतात; खरे गिऱ्हाईक तिथे आहे, स्वयंपाकघरात नाही. प्रयोगशाळांना दहा-वीस वर्षे सबुरीने पैसा द्यावा. बांधावर तोवर तूर राहू द्या. निदान तुराट्या चुलीत जळतात, आणि त्यासाठी जपानचा दाखला लागत नाही.