उकाईच्या पोटातला गाळ

उकाई धरणाची पातळी किती फुटांवर गेली, हा प्रश्न पावसाळ्यात सुरतेच्या घरोघरी विचारला जातो. 345 फूट म्हणजे धरण काठोकाठ, हे तेथील शाळकरी पोरही जाणते. परंतु त्या उंचीखाली पाणी किती आणि गाळ किती, हे पातळीची पट्टी सांगत नाही.

1972 साली पूर्ण झालेल्या या जलाशयाचा उपयुक्त साठा मूळ हिशेबाने 7,092 दशलक्ष घनमीटर होता. केंद्रीय जल आयोग आता तो 6,615 धरतो. ही 477 ची तूट शेकडा सातांहून कमी, म्हणून किरकोळ वाटेल. पण ऑगस्ट 2006 मध्ये धरणातून सेकंदाला नऊ लाख घनफुटांहून अधिक पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. त्या वेगाने मोजले, तर ही तूट पाच तासांच्या विसर्गाएवढी भरते. सारी तूट पूर सामावणाऱ्या वरच्या थरातली नव्हे, हे खरे. पण किती तेथली आणि किती खालची, हे मोजणीवाचून कोण सांगणार?

गाळ मुकाट्याने तळाच्या मृत साठ्यात जाऊन बसेल, हा जुन्या आराखड्यांचा भरवसा. नदी मात्र आराखडा वाचून वाहत नाही. जलाशयाच्या मुखाशीच तिचा वेग मंदावतो, जाड रेती तेथेच पडते आणि उपयुक्त थरही भरू लागतो. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून निरनिराळ्या पातळ्यांना पाण्याचा पसारा मोजता येतो. ही पद्धत स्वस्त व जलद आहे. मात्र पाणी ज्या पातळीखाली उतरलेच नाही, तेथील तळ उपग्रहास दिसत नाही. त्यासाठी नावेतून ध्वनिलहरी सोडून तळ चाचपावाच लागतो.

हा प्रश्न एकट्या गुजरातचा आहे, असे आम्ही मानत नाही. तापीच्या खोऱ्याचा बहुतांश भाग महाराष्ट्रात आहे. खानदेशातून पोटासाठी माणसे सुरतेस गेली, तशी शेतांतली काळी मातीही उकाईत गेली. वाटेवरचे हतनूर धरण तर गाळाने आधीच ग्रासले आहे. तेव्हा बांधबंदिस्ती येथे आणि मोजणी तेथे, अशी फारकत न करता दोन्ही राज्यांनी ठरावीक वर्षांनी एकत्र मोजणी करावी आणि साठ्याचे कोष्टक तिच्यानुसार बदलावे. निदान पातळीच्या रोजच्या आकड्याशेजारी तो साठा कोणत्या वर्षीच्या मोजणीने धरला आहे, एवढे तरी जाहीर व्हावे.