चूक कधी उघडकीस येईल?

पोर्शची 944 ही 1982 ते 1991 या काळात बनलेली स्पोर्ट्‌स कार बरीच वर्षे बेताच्या भावात मिळत असे. सांभाळायचा खर्च मात्र पोर्शला शोभेलसाच होता. अशा गाडीचे मालक पाना स्वतः हातात घेतात यात नवल नाही. कोणते काम घरी करायचे, याचे त्यांना मिळणारे ठरावीक उत्तर म्हणजे सोपे ते घरी, अवघड ते गॅरेजमध्ये. मला हा निकषच चुकीचा वाटतो. काम किती अवघड आहे याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात: चूक झाली तर ती केवढ्याला पडेल आणि ती कधी उघडकीस येईल.

टायमिंग बेल्टचेच घ्या. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आलेल्या मॅझ्दा एमएक्स-5 च्या 1.6 लिटर इंजिनात हा पट्टा तुटला तर गाडी जागच्या जागी बंद पडते, पण पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत. नवा पट्टा नीट जुळवून बसवला की इंजिन सहसा पूर्ववत चालते. 944 मध्ये तेच घडले तर व्हॉल्व्ह वाकतात आणि सिलिंडर हेड उतरवावे लागते. शिवाय तिथे पट्ट्याचा ताण नेमका लागतो: सैल राहिला तर दाते सुटतात, फार आवळला तर वॉटर पंपाच्या बेअरिंगवर भार येतो. काम एकाच जातीचे, चुकीची शिक्षा मात्र वेगळी. उलट 944 चा क्लच बदलणे हे घाम काढणारे काम. गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असल्याने एक्झॉस्ट, गिअरबॉक्स आणि मधली टॉर्क ट्यूब हलवल्याशिवाय क्लचपर्यंत हात पोहोचत नाही. पण गाडी भक्कम स्टँडवर उभी असेल आणि हाताशी वेळ असेल, तर यातली चूक बहुधा पहिल्याच फेरीत कळते. अवघड असूनही हे काम चुकीला माफ करणारे आहे.

ब्रेक ऑइल बदलायला एक पाना, एक नळी आणि एक बाटली पुरते. पण हे ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट 4 प्रतीचे ताजे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक सांगते. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 155 अंशांवर येते. महिनोन्‌महिने उघड्या राहिलेल्या बाटलीतले ऑइल भरले तरी अंगणात पेडल घट्टच लागेल. चूक कळेल ती लांब उतारावर, ब्रेक तापल्यावर. म्हणून हे सोपे काम घरी केलेच, तर जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

मग सगळेच गॅरेजवर का सोपवू नये? कारण जुन्या गाडीची बरीच दुखणी दुर्लक्षातून वाढतात आणि रोजची नजर मालकाचीच असते. एमएक्स-5 च्या कापडी छपरामागची पाणी वाहून नेणारी भोके तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचते आणि पत्रा आतून गंजतो. ती भोके साफ करायला लवचीक नळी आणि थोडा वेळ पुरतो. गंजलेला पत्रा कापून नवा जोडायला वेल्डर लागतो. अवजारांचा आणि वेळेचा हिशेब मांडला तर घरची दुरुस्ती स्वस्त नाही, हा आक्षेप मोठ्या कामांपुरता खरा आहे. पण अशा देखभालीतली बचत मजुरीची नसतेच. जे मोठे काम निघतच नाही, त्याची असते. गाडीचा अंतर्बाह्य परिचय होतो, तो वेगळाच. त्यामुळे गॅरेजमध्ये गेल्यावर नेमके काय करून घ्यायचे हे मालकाला सांगता येते.

म्हणून जी चूक लगेच दिसते आणि थोडक्यात निस्तरता येते, ती करण्याचा हक्क मालकाने बिनदिक्कत बजावावा. जी उशिरा कळते आणि इंजिनावर किंवा जिवावर बेतते, तिथे दुसऱ्या जाणत्या डोळ्यांना दिलेले पैसे कारणी लागतात.