समजून घ्या : कर्करोगाच्या पेशी शरीरात ‘पार्सल’ कशी पाठवतात? आणि नव्या रक्तचाचणीची वाट पाहायची का?

भिवंडी : गोदामांच्या या शहरात पार्सलचं गणित सगळ्यांना ठाऊक आहे. लेबल बरोबर असेल, तर माल बरोबर पत्त्यावर पोहोचतो. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशीही असाच माल पाठवतात. या ‘पार्सल’ना एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स म्हणतात.

हे नेमकं काय असतं?
पेशीतून बाहेर पडणाऱ्या, चरबीच्या आवरणातल्या अतिसूक्ष्म पिशव्या. त्यातल्या एक्झोसोम प्रकाराचा आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी लहान. आत प्रथिनं आणि आरएनए असतात. निरोगी पेशीही त्या सोडतात. पेशींचा एकमेकींशी संवाद त्यातूनही चालतो.

मग धोका कुठे?
कर्करोगाची पेशी याच वाटेनं पुढची जागा तयार करते. या पिशव्यांवरची इंटिग्रिन नावाची प्रथिनं पत्त्याच्या लेबलसारखी काम करतात, हे २०१५ मध्ये ‘नेचर’मधल्या संशोधनात दिसलं. काही इंटिग्रिन फुफ्फुसाकडे नेतात, काही यकृताकडे. स्तनाच्या कर्करोगाच्या पिशव्यांमधला ‘एमआयआर-१०५’ हा छोटा आरएनए रक्तवाहिनीच्या भिंतीचे सांधे सैल करतो, असं २०१४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात आढळलं.

रक्तातून निदान होईल का?
आशा तीच आहे. पण रक्तात निरोगी पेशींच्या पिशव्यांची प्रचंड गर्दी असते. त्यातून कर्करोगाच्या मोजक्या पिशव्या वेगळ्या काढणं अवघड, आणि पद्धत बदलली की निकालही बदलू शकतो. त्यामुळे स्तनाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या तपासणीत ही चाचणी अजून आलेली नाही.

तोवर काय?
उत्तर भिवंडीपासून फार दूर नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. निम्म्या महिलांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं केली. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी झालेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. ५० वर्षांवरील महिलांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीखालील महिलांमध्ये मात्र तशी घट दिसली नाही.

२०२२ च्या ग्लोबोकॅन अंदाजानुसार देशात वर्षभरात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना हा आजार झाला. ९८ हजारांहून अधिक दगावल्या. प्रयोगशाळेतलं संशोधन सुरू राहायलाच हवं. पण यंत्रमागाच्या शहरात एक दिवस बुडाला की रोज बुडतो. म्हणून तपासणीच मोहल्ल्यात आली पाहिजे, आणि ती करणारी बाईच हवी.

दुर्लक्ष करू नका : स्तनात किंवा काखेत गाठ, स्तनाग्रातून रक्तस्राव, त्वचा आत ओढली जाणं. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ती बहुतेक वेळा दुखतच नाही.